तिसरा खांब

३ ऑक्टोबर

ठरलं! सहा दिवस. दादा, वहिनी, त्यांच्या दोघी मुली, मी आणि बाबा. डोंगरातला तो जुना रस्ता सगळा — बाबांनी बांधकाम खात्यात असताना ज्याच्यावर सतरा वर्षं घालवली तो. दादा फोनवर म्हणाला, "आत्ताच जाऊ या. पुढच्या वर्षी बाबांना रस्ता आठवेल, पण आपण आठवू की नाही कोण जाणे." खरंच आहे. परवा मला ते आत्या समजून हाक मारत होते.

नकाशा टेबलावर पसरला. बाबा चष्म्याशिवायच वाकले आणि घडाघडा सुरू! इथे दर पावसाळ्यात दरड. इथे वळण आतून घ्यायचं. इथल्या झऱ्याचं पाणी प्यायचं नाही. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण दगड न् दगड पाठ. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून भांडी घासायला गेले.

५ ऑक्टोबर

मुक्काम ठरले. पाचही विश्रामगृहांना फोन केले, दोनच लागले. चौथ्या दिवशी सकाळीच टाकी भरून घ्यायची. पुढे दीडशे किलोमीटर पंप नाही, फोनला रेंज नाही. वहिनी फोनवर म्हणाली, "आणि काही झालं तर?" दादा मागून ओरडला, "अगं, काय होणार आहे!"

बाबा रस्त्यावरून बोट फिरवत होते. नदीपाशी थांबले. म्हणाले, "तीन नंबर."

"काय तीन नंबर?"

बोट मागे घेतलं. चहा मागितला. चहा समोरच होता.

८ ऑक्टोबर

आज त्यांनी नकाशावरच्या पुलावर पाण्याचा पेला ठेवला. मी उचलला. त्यांनी परत ठेवला.

"इथून नाही."

"मग कुठून, बाबा?"

"खालून."

खालून म्हणजे दीड दिवसाचा वळसा! का, तर आधी म्हणाले वारा फार असतो. मग म्हणाले आई आजारी आहे. आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

९ ऑक्टोबर

चष्म्याच्या दुकानात काम करताना एका गिऱ्हाइकाचा उजव्या डोळ्याचा नंबर डाव्या काचेला घासला. आजवर कधी असं झालं नव्हतं!

१० ऑक्टोबर

"बस किती वाजता जाते गं?" — हे बाबा रोज विचारतात. मी रोज म्हणते, कुठली बस? आज नीट पाहिलं. पावणेपाचला ते घड्याळासमोर खुर्चीत बसतात आणि दोन्ही हात गच्च धरतात. पाच वाजून गेले की सोडतात.

आणि लिहिताना आत्ता आठवलं — मी शाळेत होते तेव्हाही सुट्टीच्या दिवशी बाबा याच वेळेला रेडिओपाशी बसायचे. आम्हाला बोलायची बंदी. बातम्या संपल्या की उठायचे, जणू सुटले. आम्ही समजायचो, बाबांना बातम्यांची आवड!



१२ ऑक्टोबर

पेन्सिलकाकांकडे गेले. बाबांच्या हाताखाली नकाशे काढायचे ते. कानामागे पेन्सिल असायची म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. आता कानामागे ऐकायचं यंत्र आहे.

ट्रिपचं सांगितलं तोवर हसत होते. पुलाचं नाव काढलं आणि हसू गेलं. त्यांची मुलगी आत गेल्यावर दार लोटून घेतलं.

"तुझे बाबा पुराचं पाणी ओसरल्यावर दोर बांधून खाली उतरले होते. तिसऱ्या खांबाखालची माती पाण्याने नेली होती. हात खांद्यापर्यंत आत जात होता, पोरी. त्यांनी लिहिलं — जड गाडी सोडू नये. मी स्वतः आकृती काढली होती."

"मग?"

"साहेब म्हणाले, पाहुणे ठरलेत, फीत कापायची तारीख ठरलीय, आता हे काय नवीन? दुसरा कागद टाइप होऊन आला. खांब उत्तम. त्याच्यावर सही."

"बाबांची?"

काकांनी होकाराची मान हलवली. मग म्हणाले, "त्याच आठवड्यात त्यांच्या बदलीचा हुकूम निघाला. शहरात. तुझ्या आईचं तेव्हा... तुला माहीतच आहे."

माहीत आहे. आईला मोठ्या दवाखान्याजवळ ठेवायला हवं होतं. त्या बदलीमुळे आई आणखी पंधरा वर्षं जगली. त्या बदलीमुळे माझी शाळा, माझं शिक्षण, हे घर.

त्या पुलावरून सव्वीस वर्षं रोज पाचच्या सुमाराला बस जाते.

१३ ऑक्टोबर

बाबांना विचारलं. स्पष्ट विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग सौजन्याने म्हणाले, "आपण कोण?"

खरंच ओळखलं नाही की ओळखायचं नव्हतं? देव जाणे.

१६ ऑक्टोबर

अर्धी रजा टाकून खात्याच्या कचेरीत गेले. तीन टेबलं फिरले. चौथ्या टेबलावरच्या कारकुनाने जुनी फाइल काढली, धूळ झटकली, माझ्याकडे वळवली. बाबांची सही — तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. माझ्या प्रगतिपुस्तकांवरही हीच असायची.

"बाई, कागद चोख आहे. वडिलांनीच लिहिलंय पूल चांगला आहे, आणि तुम्ही म्हणताय वडील म्हणतात वाईट आहे?"

"आत्ता म्हणतायत."

"आत्ता त्यांची तब्येत कशी असते?"

 मी फाइल परत त्याच्याकडे सरकवली. तो समजुतीने हसला. "वयामुळे होतं असं. माझ्या आजोबांना घरात साप दिसायचे." अर्ज लिहून दिला. त्याने शिक्का मारून ट्रेमध्ये टाकला. त्या ट्रेमधले खालचे कागद पिवळे पडले होते.

१८ ऑक्टोबर

दादाशी फोनवर भांडण. सगळं सांगितलं त्याला.

"सव्वीस वर्षं उभा आहे ना? मग!"

"मुलींना घेऊन जाणार आहेस तू त्याच्यावरून."

"अख्खी दुनिया जाते. जो माणूस तुला आत्या म्हणतो, त्याच्या शब्दावर मी रस्ता बदलू? आणि समज खरं असलं, तर उद्या लोक दाराशी येतील. बाबांना या वयात कोर्टात उभं करायचंय तुला?"

मी फोन ठेवून दिला.  पेन्सिलकाकांना परत विचारलं, लेखी द्याल का? त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

२१ ऑक्टोबर

वर डोंगरात चार दिवस पाऊस आहे. बातम्यांत एवढंच.

२३ ऑक्टोबर

ट्रिप रद्द करायचा विचार मनात आला आणि बरंही वाटलं. मग लक्षात आलं — रद्द केली तर फक्त आम्ही वाचू. बस जाणारच. एवढं कळूनही मी आज दुकानातून परत येताना कचेरीवरून सरळ पुढे आले. थांबले नाही. सही करताना बाबाही यापेक्षा काही वेगळं वागले नव्हते.

२७ ऑक्टोबर

दादा, वहिनी, मुली सगळे आले. घर भरलं. परवा निघायचं. शेवटी तडजोड — वळशाने जायचं, दादा तोंड फुगवून तयार झाला. मला वाटलं, निदान आपलं तरी सुटलं. जेवताना दादाची मोठी मुलगी म्हणाली, "आजोबा, पूल नाही बघायचा?" बाबा घास हातात धरून म्हणाले, "मी बघून येतो आधी. मग तुम्ही या." सगळे हसले. मीसुद्धा.

२८ ऑक्टोबर

बाबा नाहीत. माझी गाडीही नाही.

पहाटे गेले असणार. परवाना संपून चार वर्षं झालीत! दादा पेट्रोलपंपांना फोन लावतोय. वहिनी मुलींना घेऊन आतल्या खोलीत. मी फोनशेजारी बसून लिहितेय.

दुपारी तीनला डोंगरातल्या पोलीस चौकीतून फोन आला. हवालदार वैतागलेला. एका म्हाताऱ्याने गाडी पुलाच्या तोंडाशी आडवी लावलीय, काचा वर करून आत बसलाय, कुणालाही सोडत नाही. दोन ट्रक अडकलेत, थोड्या वेळात पाचची बस येईल. विचारलं तर म्हणतो, मी ड्यूटीवर आहे. गाडीच्या कागदावरून माझा नंबर सापडला.

"बाई, एकच सांगा. यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? नसेल तर आम्ही काच फोडून काढतो बाहेर."

दादा समोर उभा. हाताने खूण करत होता — नाही म्हण, नाही म्हण.

"आहे," मी म्हटलं. "ते पुलांचे तपासनीस आहेत. ते सांगतात तसं करा. बस आली की माणसं उतरवून घ्या, आणि खात्याचा इंजिनियर बोलवा. तिसऱ्या खांबाखाली बघायला सांगा."

हवालदाराने फोन ठेवला.

निघतोय. दादा चालवणार आहे. 

२९ ऑक्टोबर

सकाळी पोचलो. बाबा चौकीतल्या बाकावर, अंगावर हवालदाराची शाल. उजाडताच तरुण इंजिनियर खाली उतरला होता. वर आला तो पांढराफटक. आधी स्वतःची जीप मागे घेतली, मग पुलाच्या दोन्ही टोकांना दोर बांधायला लावले. चौकीत हात धुताना संतापून म्हणाला, "कुठल्या गाढवाने सही केली होती याच्यावर?"

 

बाबांनी हात वर केला — वर्गात मुलं करतात तसा.