बिनशिंगाचा पाहुणा

५ ऑगस्ट
शाळेच्या कुरामोची बाई येऊन गेल्या. सुट्टीत मुलांना किड्यांचा प्रोजेक्ट करायचाय, गेंड्या भुंग्याबद्दल सांगाल का, म्हणाल्या. दरवर्षी हे सांगायचे. मार्चमध्ये हे गेले. मी लगेच हो म्हटलं. माझी शाळा कमी आणि मळा जास्त झाला, पण बावन्न वर्षं ह्यांचं भुंगेपुराण ऐकलंय. भांडी घासत ऐकलं, पण ऐकलं.

यंदा ह्यांचा पहिला ओबोन. तेराला पितर घरी येतात, सोळाला परत जातात. हे येतील ना, एवढाच घोर आहे. गेले त्या दिवशी मागच्या अंगणातून हाका मारत होते, कुजलेल्या पाचोळ्यातली अळी बघायला ये म्हणून. मी म्हटलं, मालिका संपू दे. मालिका संपल्यावर गेले, तर हे पाचोळ्याशेजारी पडलेले.

८ ऑगस्ट
मुलं आली. तिसरीतली नाझुना आणि तिच्या वर्गातला हारुमा. भुंग्याला कलिंगड द्यावं, असं शिकवलं. नाझुनाने पुस्तकात बघून सांगितलं, त्याने भुंग्याचं पोट बिघडतं. मी म्हटलं, लिहिणाऱ्याने आमच्या गावचं कलिंगड कुठे खाल्लंय. शेजारच्या ओत्सुनेने दिलंय तसलं. तसं तिचं पोकळच निघालं, पण तो विषय वेगळा.
ठराव: उत्तर देण्याआधी थांबायचं.

१० ऑगस्ट
हारुमाने विचारलं, भुंगा किती जगतो. थांबले. मग सात वर्षं म्हटलं. नाझुना म्हणाली, बाहेर आल्यावर एक उन्हाळाच. म्हणजे थांबून काही फरक पडत नाही. ठराव रद्द.
मुलं खूश दिसतात. माझ्या शिकवण्यात गोडी आहे.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ
काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला, पितर लवकर यावेत म्हणून. छान उभा राहिला. दारात स्वागताची आग पेटवली. धूर आत शिरला आणि मागोमाग भला मोठा गेंड्या भुंगा भर्रकन आत. सरळ ह्यांच्या फोटोसमोर ठेवलेल्या पीचच्या फळावर बसला. दुसरीकडे नाही, पीचवर.
आले.
शिंग नाही. गळलं असेल. शेवटी शेवटी ह्यांचे दात तरी कुठे होते.

१४ ऑगस्ट
मुलांना एकही भुंगा मिळालेला नाही. माझा बघून नाझुना म्हणाली, आजी, शिंग नराला असतं, ही मादी आहे, पेटीत ठेवूया. मी म्हटलं, ओबोनात किडा पकडायचा नसतो, कोणावर कोण बसून आलंय सांगता येत नाही. हारुमाने विचारलं, मग आजोबा भुंग्यावर बसलेत की आजोबाच भुंगा आहेत. हुशार झालाय पोरगा. माझा हात लागलाय.
शेवटी पेटीत मागच्या अंगणातला पाचोळा भरला आणि तिचं तोंड पीचजवळ धरलं. ते आपण होऊन आत गेले. ह्याला पकडणं म्हणत नाहीत.

१५ ऑगस्ट, दुपार
सकाळपासून पेटीपाशी. सगळं बोलून टाकलं. तुम्ही हाक मारलीत ते ऐकू आलं होतं, असंही सांगितलं. आमच्या मुलीलासुद्धा हे सांगितलेलं नाही. मालिकेचा शेवट भिकार होता, हेही सांगितलं. आतून खरखर आली. मी थांबले की थांबायची, बोलले की पुन्हा. माफ केलं म्हणजे. जिवंतपणी इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं.
जेवण दोनदा झालं. फार बरं वाटतंय.

१६ ऑगस्ट, दुपार
मुलांनी पाचोळा चमच्याने बाजूला केला. खाली पांढरी अंडी, साबुदाण्यासारखी. नाझुनाने मोजली, एकोणीस. मोजपट्टी लावली, चित्र काढलं. एवढा आनंद त्या पोरीच्या तोंडावर मी पाहिला नव्हता. हारुमा पेन्सिल चावत होता. आजोबांनी अंडी घातली असं लिहू का, म्हणाला. नाझुनाने त्याला कोपर मारलं.
मी म्हटलं, मादी लिही.
प्रोजेक्ट झकास होणार. मुलांना माझ्यामुळे अंडी बघायला मिळाली.

१६ ऑगस्ट, संध्याकाळ
निरोपाची आग पेटवली. भुंगा मुलांना दिला.
मनातलं सगळं एका परक्या बाईला सांगून झालं. तिचे दिवस भरले होते, ती आपली अंड्यांसाठी जागा करत खरखरत होती.
हे आले नाहीत असं म्हणवत नाही. घोडा चांगला झाला होता. आलेच असणार. मग बसले कुठे? उशी मांडली नव्हती, चहा ठेवला नव्हता, जे काही ठेवलं ते पेटीपुढे.
आणि तीन दिवस माझी पाठ खोलीकडे होती.