दसऱ्याची तारीख

मलकापूर, ता. कराड
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

प्रिय ज्योतिबा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुझी तब्येत कशी आहे, असं विचारायची रीत असते; पण ती कशी आहे हे पूजाकडून कळलंय, तेव्हा विचारत नाही.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, म्हणून हा कागद. मदुराईच्या दुकानाचा पत्ता पूजानंच दिला. "दादाला चार वळी लिवा, लय बरं वाटंल त्याला," म्हणाली. तुझी बहीण भोळी ती भोळीच राहिली.

आधी बातम्या. आपल्या गटातली प्रियदर्शनी पुण्याला नोकरीला लागली. मलाही नोकरी लागेल असं दिसतंय. मुलाखतीत 'टंच'बद्दलच विचारत होते. गलाईच्या दुकानात बसलेला विट्याचा माणूस मोडीचं सोनं वितळवून त्याचा टंच, म्हणजे शुद्धता, आता आपल्या प्रोग्रॅमवर काढतो, तोही मराठीत, आणि त्याचा सगळा कोड कुणालाही उघडून बघता येतो, हे ऐकून साहेब खूश झाले. कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं. आम्हा मित्रांची, असं मी सांगितलं. नावं त्यांनी विचारली नाहीत.

'टंच' कसा वापरायचा ते सांगणारी साइटही छान चाललीय. तूच निवडलेल्या जनरेटरवर, मजकुराची पानं बनवणाऱ्या त्या प्रोग्रॅमवर. मी तो बदलला नाही, हे तुला पटणार नाही, पण खरं आहे.

तुझं म्हणणंच बरोबर होतं रे. माझा जनरेटर साइट बांधायला अडीच मिनिटं घ्यायचा, त्याआधी तीस गोष्टी बसवाव्या लागायच्या. तुझा एकच फाइल, जुन्या लॅपटॉपवरही डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम उरकायचा. तुझ्या वडिलांना तू समजावून सांगितलं होतंस, आठवतं? "तात्या, आपण नुसता मजकूर लिवायचा. ह्यो त्याची पानं वतून देतो, सोन्याची लगड वतल्यागत. एकदा वतलं की बदलत न्हाई, म्हणून तर साध्या फोनवर बी पटकन उघडतंय." आकारामतात्यांना पटलं. सगळ्यांनाच पटलं.

पण मी तीन महिने माझ्या जनरेटरवर घालवले होते. बैठकीत तू ते एका वाक्यात उडवलंस. "कृष्णात, तुजं म्हंजे गाडी हाय फुडं आन् बैल बांदल्यात मागं." प्रियदर्शनी इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. घरी येताना कृष्णा पुलावर गाडी थांबवून उभा राहिलो. मत्सर म्हणतात तो हाच. नाव देऊन टाकलं की बरं पडतं.

त्यानंतर तुझ्या जनरेटरची माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली. खोड काढायला. तू एकदाही पूर्ण वाचली नसशील. हुशार माणसं वाचत नाहीत.

तुझ्यापुढे काय होतं ते मला माहीत होतं. तात्यांनी तुला वर्षाची मुदत दिली होती. गेल्या दसऱ्याच्या मेळाव्यात गलाईवाल्यांसमोर साइट उघडून दाखवायची. जमलं तर विट्यात राहा आणि काँप्युटर कर, नाही जमलं तर गुपचूप मदुराईच्या भट्टीवर बसायचं. लहानपणापासून दमा असलेल्या मुलाला तेजाबाचा धूर म्हणजे काय, हे शाळेत तुझं दप्तर उचलणाऱ्या मला कुणी सांगायला नको होतं.

आणि मुहूर्ताचं ते खूळ! "दसऱ्याआधीची तारीख कशावर बी पडाय नको," असं तात्यांनी बजावलं होतं. तुमच्यात नवी भट्टीसुद्धा मुहूर्ताशिवाय पेटत नाही. म्हणून तू त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पानांवर बारा ऑक्टोबर ही दसऱ्याची तारीख घातलीस. तुझा जनरेटर पुढच्या तारखेचं पान साइटवर घेत नाही, ते पान गुपचूप वगळतो. तुझ्या लॅपटॉपवर तसली पानंही दाखवायची सोय तू सुरुवातीलाच लावून ठेवली होतीस आणि विसरून गेला होतास. माझ्या लॅपटॉपवर ती सोय नव्हती.

अकरा तारखेला दुपारी तू हॉलच्या तयारीला निघालास. "कृष्णात, तेवढं बांदून नेटवर चढीव गड्या, मला खुर्च्या बगायच्यात," म्हणालास. मी बांधलं. पडद्यावर आलं: पानं, एक. फक्त मुखपृष्ठ. हुकमात एक शब्द वाढवायचा होता. तुला विचारायला फोन हाताशी होता. मी चहा करून प्यायलो आणि ते एक पान चढवून दिलं.

एवढं तर तुला कळलंच असेल. नसेल, तर आता कळलं.

बारा तारखेला तू स्टेजवर उभा. मागे मोठा पडदा, त्यावर 'टंच' हे नाव आणि खाली नुसतं पांढरं. तू तीनदा पान ताजं केलंस. तुझे हरिबा मामा मोठ्यानं म्हणाले, "आकाराम, पोरानं दुदाऐवजी पाणी इकलं की रं!" हॉल हसला. तात्या खाली बघत होते. तेवढ्यात तुझ्या ध्यानात आलं, कारण तुझा चेहरा एकदम उजळला. तो दिवस दसऱ्याचाच होता. साइट पुन्हा एकदा बांधली असती तर सगळी पानं आपोआप आली असती. एका मिनिटाचं काम. तुझा लॅपटॉप घरी होता. तू स्टेजवरून मला विचारलंस, "कृष्णात, लॅपटॉप हाय का रं?"

मी तिसऱ्या रांगेत होतो. मी म्हणालो, "न्हाई आणला."

तो माझ्या पायाशी पिशवीत होता.

हे लिहायचं नव्हतं. एकच पान चढवल्याची गोष्ट लिहून थांबणार होतो, तेवढ्यावर चूक म्हणून निभावलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीही न बदलता तीच साइट बांधली. त्रेचाळीस पानं आली. गावात चर्चा झाली की कृष्णातनं एका दिवसात दुरुस्त केली. तोवर तात्यांनी तुझं तिकीट काढलं होतं.

यंदाच्या मेळाव्यात माझा सत्कार आहे. शाल तात्यांच्या हातची. परवा भेटले तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आमच्याला नुसतं बोलाय येत हुतं. तू खरा पोरगा." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. हे पत्र त्यांना खुशाल दाखव. मी सांगतो, ते तुझ्यावर विश्वास ठेवायचे नाहीत. तूच लिहून आणलंस म्हणतील.

आता काम. साइटचा पत्ता अजून तुझ्या नावावर आहे. त्याची मुदत तीस सप्टेंबरला संपते. वाढवायची तर तुझ्या फोनवर एक कोड येईल, तो मला हवा. नाही दिलास तर दसऱ्याला पडद्यावर नुसतं पांढरंसुद्धा दिसणार नाही, आणि स्टेजवर मी असेन. सूड घ्यायला याहून चांगला दिवस तुला मिळणार नाही. तुला काही करावंही लागणार नाही, नुसतं गप्प बसायचं. ते किती सोपं असतं हे मला ठाऊक आहे.

पण तू कोड पाठवशील. पूजा सांगत होती, जिना चढताना तू दोनदा बसतोस, आणि तरी शेजारच्या दुकानातल्या नव्या पोरांना आपल्याच साइटवरून टंच काढायला शिकवतोस. त्यांचं काम अडेल, हा विचार तुझ्या मनात आधी येईल. माझ्या मनात तो आला नव्हता. एवढाच तुझ्यामाझ्यात फरक आहे, आणि त्याच्याच भरवशावर हे पत्र टाकतोय.

कोड पूजाच्या फोनवर पाठव. माझ्याशी बोलायची गरज नाही.

शाल घेताना ज्याला तुझी आठवण येणारच, असा
तुझा बालमित्र,
कृष्णात