बारावी जागा

३ मार्च १९५८, बेव्हर्ली हिल्स

आलो एकदाचा! व्हेल्मा डोरन्सच्या बंगल्याचा इतिहास मी, ऑर्व्हिल टास्कर, लिहिणार. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. वीस वर्षं स्टुडिओत प्लास्टरचे राजवाडे उभे केले, बाकी सगळं स्वतः वाचून शिकलो. व्हेल्माबाईंना प्राध्यापक नको होता. म्हणाल्या, प्राध्यापकांना पुस्तकं कळतात, तुम्हाला भिंती कळतात.

खोल्या बावीस. मासिकांत चोवीस छापतात, साफ चूक. न्हाणीघरात सोनेरी मुलाम्याचे हंस, जिन्यावर चित्त्याची कातडी, जेवणघराच्या छताला सतराशे शिंपले. मी मोजले.

५ मार्च

संगीताच्या खोलीत छताखाली ओळीने प्लास्टरचे अकरा चेहरे, मिटल्या डोळ्यांचे, खाली नाव आणि साल. घर सजवणाऱ्या कारागिरांचे. त्यांच्याच तोंडावरून साचे घेतलेले. हे काम घर सांभाळणाऱ्या प्रुइटबाईंचं. पूर्वी स्टुडिओत नटांचे साचे त्याच काढायच्या. बारावी जागा रिकामी आहे. ती इतिहासकाराची, असं बाई म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. कोण नाही म्हणेल?

प्रुइटबाई म्हणाल्या, नाक मोठं आहे हो तुमचं, प्लास्टर जास्त लागणार. मग नळ्याही जाड आणा, मी म्हटलं. नाकपुड्यांत नळ्या घालूनच चेहऱ्यावर प्लास्टर चढवतात, नाहीतर माणूस गुदमरेल. नळ्यांच्या खुणा नंतर मुखवट्यावर प्लास्टर भरून बुजवतात. ते ठिगळ कितीही सफाईचं असो, मला दिसतंच.

११ मार्च

कारागिरांच्या घरी पत्रं धाडली होती. उत्तर एकच, गालिचेवाल्या डब्स यांच्या पत्नीचं. १९३४ साली चेहऱ्याचा साचा द्यायला म्हणून ते इकडे आले, ते परतलेच नाहीत. कुठे आहेत, हे तुम्हीच मला कळवा, असं लिहिलंय.

बाईंना विचारलं. म्हणाल्या, नवरे पळतातच हो, टास्कर, माझे तीन पळाले. मी हसलो. नीट जमलं नाही.

१४ मार्च

सकाळी शिडी लावून भिंगातून पाहिलं. अकरा चेहरे. एकाच्याही नाकाला ठिगळ नाही. शिडी सरकवत पुन्हा सगळे पाहिले.

नाही.

१५ मार्च

फाटकाला कुलूप. किल्ली सापडत नाही म्हणतात. फोन मुका. भिंत दोन पुरुष उंच, वर काचा.

बाराव्या जागेखाली माझं नाव रंगवलंय. अक्षर सुबक, एक चूक नाही. साल — हेच.

१६ मार्च, सकाळचे दहा

माझ्या खोलीचं दार बाहेरून लावलंय. पलीकडे बादलीत ढवळताहेत. घट्ट कालवलंय, आवाजावरून कळतं —

दार उघडलं की वही गादीच्या शिवणीत ढकलेन. कुणाला सापडली तर डब्सबाईंना कळवा, ते पळाले नव्हते. डावीकडून चौथे —

आल्या. दाराच्या फटीतून दिसताहेत, दोघी. टॉवेल, बादली, पट्टे. नळ्या कुठायत, मी आतूनच विचारलं. प्रुइटबाई हसल्या. म्हणाल्या, त्या कशाला, इथे आजवर कुणाला लागल्याच ना—