सोळावी ढाल

व्हिएन्ना, ३ मार्च १८८८

ती. रोझालियाताईस, धाकट्या वाल्बुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या चित्रशाळेत ट्राउनेक घराण्याची वंशावळ रंगवायला आली आहे. हो, तेच ट्राउनेक. म्हाताऱ्या काउंटच्या नातीला खानदानी मुलींच्या मठात जागा हवी आहे. तिथे सोळाही खापरपणजे-खापरपणज्या उमरावच लागतात. प्रत्येकाची, घराण्याचं चिन्ह असलेली, एक ढाल.

पंधरा जमल्या. सोळावी, म्हणजे काउंटची सख्खी आजी, बाप्तिस्म्याच्या दाखल्यात सराईवाल्याची मुलगी निघाली. सराई आपलीच, आणि ती आपल्या पणजोबांची बहीण!

काउंट परवा स्वतः आला. तिथे एखाद्या बॅरनची ढाल रंगव म्हणाला. मी म्हटलं, त्या सराईची मालकीण माझी बहीण, तिला विचारा. चित्रशाळेचे उस्ताद नंतर हसून सांगत होते, ट्राउनेक मिरवतात ती पिढीजात 'मार्शल' पदवी मुळात घोडे राखणाऱ्या चाकराची.

वीस वर्षांपूर्वी त्याच्या मुलाने तुला मागणी घातली, तेव्हा याच माणसाने तुला 'सराईवाल्याची पोर' म्हणत तबेल्याच्या दाराने हाकललं. मी विसरलेले नाही. काय करू ते कळव. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी, वाल्बुर्गा

सांक्ट वाइट, १२ मार्च

चि. वाल्बुर्गास अनेक आशीर्वाद.

आला होता. मी त्याला तबेल्याच्या दाराने आत घेतलं. म्हटलं, मार्शलसाहेब, तुमची पदवी इथलीच ना? टोपी काढून आला.

मी एकच अट घातली. जेवणघरात उभं राहून आपली आजी कोण ते मोठ्याने सांगायचं, मग माझी बहीण हवी ती ढाल रंगवेल. जेवणारी गिऱ्हाईकं म्हणजे सगळे गाडीवानच, असं त्याला वाटलं असावं. त्याने सांगितलं. "मी या सराईच्या लेकीचा नातू आहे."

खिडकीपाशी दोन उमराव सूप पीत बसले होते. वंशावळ खरी आहे अशी शपथ मठापुढे घेणार होते, तेच दोघे. आपल्याच भागातले ते, काउंट येणार हे कळताच जेवणाचं आमंत्रण मीच धाडलं होतं. त्यांनी चमचे खाली ठेवले. काउंटचं तोंड बघायला तू हवी होतीस. किती वर्षांनी मला पोटभर जेवण गेलं!

आता हवी ती ढाल रंगव. प्रकृतीला जप, आणि आठवण ठेव.

तुझी ताई

व्हिएन्ना, २४ मार्च

ती. ताईस सा. न.

दोघांनीही शपथ नाकारली. वंशावळ परत आली. ती न्यायला नातच आली होती. सतरा वर्षांची आहे, तेव्हा तू होतीस तेवढीच. आजोबा आता तोंडही बघत नाहीत, सराईवाल्याची पोर म्हणतात, असं सांगून ती माझ्या टेबलाशी रडली.

मी तिला तबेल्याचं दार दाखवलं नाही. तुझा पत्ता दिला आहे. रविवारी येईल. पुढच्या दाराने घे.

तुझी, वाल्बुर्गा