वरून घातलेलं पानी

ता. ११ एप्रिल
ऐन जयंतीच्या तोंडावर मला इमानात कोंबलं. चौदा तारखेला सुप्याजवळ आमच्या वस्तीत निळ्या पताका लागत्याल, खिरीची कढई चढंल, आन गूळ किती टाकायचा हे सांगायला मी न्हाई. पोरी साखर ओतत्याल. पोराला म्हनले तर म्हनतो, "आई, हितलं नवं वर्स त्याच दिसात येतं, त्याला मी काय करू?"

नमो बुद्धाय. हे वर लिहायचं ऱ्हायलं.

हे थायलंड. सुनील (पुढं नुसतं सु. लिहीन, बोट दुखतंय) बायको वारल्यावर सुप्याचा कारखाना सोडून हिकडं आला. आता हितली नोई नावाची बाई करायची म्हनतो. मी हो म्हनले तर लग्न, न्हाई तर न्हाई, आसं तिला सांगून बसलाय. चाळिशी उलटली आन भार माझ्या डोक्यावर.

नोईनं इमानतळावर माझी पिशवी घेतली. मला 'मे' म्हनती. मे म्हंजे आई म्हनं. आमच्यात मे म्हंजे टँकरचा महिना.

ता. १२
उतरलोय नोईच्याच घरी. तिची आई माझ्याच वयाची. दात कमी, बोलनं जास्त. एकमेकीचं कळत न्हाई, म्हनून भांडान न्हाई.

हितं सगळ्यात मासळीचं पानी. मी पिशवीतनं माझी शेंगदाण्याची चटणी काढली. नोईनं बोटभर चाखली, डोळ्याला पानी आलं, परत घेतली. बाई बरी हाय. सु.ला सांगितलं न्हाई. लगीच नाचंल.

नगरच्या सावेडीहून मंगलचा, लेकीचा, फोन. "आई, भुलू नको. लग्न झालं की दादा तिकडचाच." म्हनले, "दूध बघ तुझं, उतू जाईल." पर बोलली ते टोचलं.

ता. १३
नवं वर्स. सकाळी विहारात गेलो. बाया भगवंताच्या मूर्तीवर मोगऱ्याचं पानी घालत हुत्या. शिंगणापूरला तेल घालत्यात तसं. सु.ला म्हनले, "भगवंताला उकडतंय व्हय? हे सगळं आपल्या आईबापानी सोडलं ना?" तो म्हनला, "हळू बोल." हळू कशाला, कुनाला कळतंय.

मग भंतेजी म्हनाया लागले. बुद्धं सरणं गच्छामि. चाल वाकडी, शब्द आपलेच. मी पन धरलं. नोईच्या आईनं मान वळवून बघितलं, मग दोघीनी संगं पुरं केलं. जीव थोडा जागेवर आला.

रस्त्यावर पोरं पिंपं भरभरून पानी मारत्यात. लुगडं चिंब. एकानं गालाला पांढरी माती फासली आन वर हात जोडले. काय बोलावं? आमच्याकडं हंड्यासाठी डोकी फुटत्यात.

ता. १४
जयंती. पांढरं लुगडं नेसले, मेणबत्ती लावली, एकटीनंच वंदना घेतली.

दुपारी घरात वाईट झालं. आज लिहवत न्हाई.

ता. १५
लिहिते.

त्यांच्यात नव्या वर्साला म्हाताऱ्यांच्या हातावर पानी घालत्यात. आपन खुर्चीवर बसायचं, हात म्होरं करायचं. ल्हान मानसं गुडघ्यावर येत्यात, वाटीतनं फुलाचं पानी घालत्यात, आपन आशीर्वाद द्यायचा. नोई माझ्याम्होरं आली. सगळं घर बघत हुतं. तिनं वाटी उचलली, वरून धार पडली, आन माझ्या हातांची आपसूक ओंजळ झाली. त्वांडाकडं निघाली.

उठले. वाटी लवंडली. खोलीत जाऊन दार लावलं.

सु. दाराबाहेरनं म्हनला, "आई, तिला वाटलं तू तिला नाकारलंस. सगळ्यांम्होरं." म्हनले, "वाटू दे."

ल्हानपनी आईसंगं खुरपायला जायची. तहान लागली की मळ्याची मालकीन तांब्या उंच धरायची. आमी खाली वाकून ओंजळ. तांब्या हाताला लागला तर इटाळ. धार कमीजास्त व्हायची, नाकात जायचं, ठसका लागायचा, ती हसायची. आई म्हनायची, "पी गुमान."

ही पोरगी गुडघ्यावर हुती, मी वर खुर्चीवर. तिची काय चूक न्हाई. पर हाताला काय कळतंय.

ता. १६
नोई दोन दिस माझ्याम्होरं आली न्हाई. मीच सैपाकघरात गेले. तांदूळ धूत हुती, डोळं सुजल्यालं. सु.ला हाक मारली. म्हनले, "हिला सांग." आन मळ्याचं सगळं सांगितलं.

सु. म्हनला, "हे तू मला कधी सांगितलं न्हाईस."
"सांगन्यासारखं काय हुतं त्यात? तू घरच्या माठातलं पानी पिऊन मोठा झाला."

तो सांगाया लागला आन मधीच अडला. इटाळाला त्यांच्या भाषेत शब्द सापडंना. घान म्हनला, तिनं स्वताचं हात बघितलं. आजार म्हनला, तिनं माझ्या कपाळाला हात लावला. म्हनले, "ऱ्हाऊ दे. न्हाई शब्द तर न्हाई. बरंच हाय."

मग मीच तिचा डावा हात धरला, माझ्या हाताखाली ठेवला. उजव्या हातानं घाल म्हनून खुनावलं. तिनं नळाचंच पानी घातलं. फूल न्हाई, वाटी न्हाई. माझ्या हातावरनं तिच्या हातावर पडलं. ती रडाया लागली. मी न्हाई.

आशीर्वादाला त्वांड उघडनार, तवर तिची आई दारात. सु.ला कायतरी इचारलं. तो भुईकडं बघाया लागला. म्हनले, "काय म्हनती?" सु. म्हनला, "म्हनती, लेक नगरला नेनार का हितंच ऱ्हानार, ते आधी सांगा. लेक गेली की ती एकटीच."

मी बी एकटीच हाय. म्हातारीकडं बघितलं. तिला कळलं असंल, न्हाई बी.

हात पदराला पुसलं. आशीर्वाद अजून दिला न्हाई. सु. म्हनतो, "आई, तूच ठरव." आजिबात न्हाई. जो बाई करतो त्यानं बोलायचं. उद्या जेवायच्या आधी, आमा दोघी म्हाताऱ्यांम्होरं, सुनीलनंच उत्तर द्यायचं. नोईनं न्हाई, मंगलनं न्हाई, मी तर न्हाईच.