पिस्ता स्वेटरची एक बाही

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघे असे झाल्यापासून तो कागदावरच घालते, गोड मानून घे.) तुझा खांदा आता वर जातो का? भावोजी कानातलं यंत्र कानात घालतात की अजून खिशातच घेऊन फिरतात? आमच्याकडे सगळ्यांच्या प्रकृती उत्तम आहेत. हे मुद्दाम आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

माझी जांभळी लोकर तुला आठवत असेलच. ती घेतली तेव्हा दुकानात तूच बरोबर होतीस आणि "मळखाऊ रंग आहे, घेऊन टाक" असं तूच म्हणाली होतीस. तिला यंदा एकोणीस वर्षं झाली. आधी तिचा लेकाचा स्वेटर झाला, तो उंच झाल्यावर ह्यांचं जाकीट, मग शाल, मग किटलीची टोपी आणि उरलेल्यात मोजे, मग सगळं उसवून पुन्हा जाकीट. पूर्वी उसवायला काहीतरी कारण लागायचं, हल्ली लागत नाही. विणून झालं की हे ते अंगात घालतात, कपाटाच्या आरशासमोर एकदा पुढून, एकदा मागून बघतात, "छान झालंय" म्हणतात आणि काढून देतात. मग माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत दोन्ही हात पुढे करून बसतात. मी टोक शोधून ओढते आणि लोकर लडी होऊन त्यांच्या हातांवर चढत जाते. त्या तासाभरात आम्ही जेवढं बोलतो तेवढं उरलेल्या दिवसभरात बोलत नाही. (मुख्यतः शेजाऱ्यांबद्दल.) शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर चुकलेलं विणकाम वर्गासमोर उसवायला लावायच्या, तेव्हा बाकीच्या मुली रडायच्या. मी मुद्दाम चुकायचे. पन्नास वर्षांनी आज पहिल्यांदा कबूल करतेय, कुणाला सांगू नकोस.

तर हे असं सुरळीत चाललेलं आमच्या सूनबाईच्या नजरेला आलं. मुलगी गुणी आहे, तुला माहीतच आहे. लेक वर्षातून आठ महिने बोटीवर असतो, पण तिची कुरकूर नाही. लोकांना नको असलेल्या वस्तू हव्याशा वाटाव्यात असं काहीतरी तिच्या कचेरीत करतात आणि त्यात ती फार हुशार आहे. गेल्या वर्षी तिला मिळायची ती बढती दुसऱ्याच कुणाला मिळाली. त्यानंतर ती घरी येऊन भिंतीकडे बघत बसायची. एक दिवस भिंतीऐवजी माझ्या हातांकडे बघितलं आणि ताठ बसली. "आई, अहो, हे लोक विकत घेतील! तुम्ही फुकट कशाला घालवताय?" आता मी काय घालवत होते हे मला सांगता येईना, आणि इतक्या दिवसांनी तिचे डोळे चमकलेले बघून नाही म्हणवेना. झालं. फोनवर 'आजीची ऊब' नावाचं पेज निघालं. (नातवंडाचा अजून पत्ता नाही, पण जाहिरातीत मी आजी झाले.) फोटोसाठी मला खिडकीपाशी बसवून नाकावर चष्मा ठेवायला लावला. विणताना मला चष्मा लागत नाही, उलट चष्म्यातून टाके दिसेनात. तो फोटो दोनशे जणांना आवडला.

मग खोकी यायला लागली. नवी लोकर, लेबलं, बांबूच्या सुया आणि लोकर गुंडाळायचं एक यंत्र. मेजाला पकडून बसतं, दांडा फिरवला की दोन मिनिटांत गुंडा तयार. पहिल्या दिवशी हे सवयीने हात पुढे करून खुर्चीत बसले होते. सूनबाई प्रेमाने म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला त्रास नको." ह्यांनी हात मांडीवर ठेवले, थोडा वेळ त्या यंत्राकडे बघितलं आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर दोन महिने ह्यांना शेजारपाजारचं काही कळलं नाही, कारण सांगणारी मी टाके मोजत होते. फ्रिजवर तक्ता लागला होता. जन्मात मी टाके मोजले नव्हते, बोटांना ठाऊक असायचं. आता एकशे बारावर कुणी हाक मारली की मी दचकत होते. एका बाईंनी कळवलं की डावी बाही अर्ध्या बोटाने लांब आहे. असणारच. डावी बाही मी शेवटी विणते, तोवर रंगात आलेली असते.

आता मुख्य प्रकार. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पिस्ता रंगाचा स्वेटर सांगितला होता. शनिवारी पाचला त्या न्यायला येणार होत्या. दुपारी जेवणं झाल्यावर मी शेवटचा टाका बंद केला, स्वेटर मांडीवर पसरून डोळे भरून बघितला, आणि बघते तो समोर वेताच्या खुर्चीत हे. दोन्ही हात पुढे. ताई, शपथेवर सांगते, दोघांच्याही मनात काही नव्हतं. ह्यांनी हात पुढे केले आणि मी टोक ओढलं. समोरच्या घरी रंग काढताहेत तो कसला भयंकर आहे यावरून सुरुवात झाली आणि त्यांच्या जावयापर्यंत आम्ही पोचलो. दोन महिन्यांचं साठलं होतं. सूनबाई खोकं आणि रिबीन घेऊन आली तेव्हा माझ्या मांडीवर फक्त उजवी बाही होती.

"आई, स्वेटर कुठाय?"

"हा काय," असं म्हणून ह्यांनी हात वर केले. बेड्या घातलेल्या माणसासारखे दिसत होते, पण चेहरा फार प्रसन्न.

तिने रिबीन पुन्हा गुंडाळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. खोकं खाली ठेवून ती खोलीत गेली आणि तेवढ्यात बेल वाजली. डॉक्टरीणबाईंना मीच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, बाही हातात चढवली, कोपर वाकवून बघितलं.

"पण पुरा झालेला उसवायचा कशाला?"

"मग पुढे काय विणू?" मी म्हटलं.

"अहो, उपटलेला दात मी काही परत बसवून बघत नाही!" असं म्हणून त्या मोठ्याने हसल्या आणि बाही तशीच हातात घालून निघून गेल्या. कशाला लागणार होती कोण जाणे. आतून सूनबाईच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तिला मी एकदा विचारलं होतं, लहानपणी तुला काय आवडायचं गं? ती म्हणाली होती, पोहणं, नाच, चित्रकला, सगळ्यांची प्रमाणपत्रं आहेत. आवडायचं काय, ते तिने सांगितलंच नाही. मलाही पुढे विचारायचं सुचलं नाही.

भावोजींना नमस्कार, मांजराला गोंजारणे.

तुझी धाकटी

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. मी पुन्हा विकायला विणावं म्हणून सूनबाई माझं मन वळवायला तुला फोन करील. तिला सांग की माझे डोळे बिघडलेत आणि डॉक्टरांनी विणकाम बंद करायला सांगितलंय. तिचं मन मोडल्यासारखं व्हायला नको आणि माझं विणणंही मला परत हवंय. तू शाळेत मुलींची प्रमुख होतीस, तुझ्यावर कुणीही विश्वास ठेवील.

आणखी एक ता. क. पत्र चार दिवस टपालात पडायचं राहिलं, ते बरंच झालं. डोळ्यांचं काही सांगू नकोस. मंगळवारी सूनबाई ती उसवलेली पिस्ता लोकर घेऊन आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मला शिकवा." मी अकरा टाके घालून दिले, रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचे आपोआप सतरा झाले. याचं काय होणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही. कचेरीला अचानक सुट्टी मिळाल्यासारखी बघत राहिली. वस्तू भयंकर झाली आहे, मध्ये तीन बोटं जातील एवढं भोक आहे. "हे कोण घेणार, आई?" असं स्वतःच म्हणते आणि हसते. काल मी उसवून नीट करून देते म्हटलं, तर पाठीमागे लपवून म्हणाली, "हात लावाल तर बघा!" पेज तिने परवा बंद केलं, यंत्र खोक्यात गेलं आणि ह्यांना पुन्हा काम मिळणार आहे.

तेव्हा तुझ्याकडे फक्त एवढंच मागणं: तुझ्या शिवणाच्या डब्यात दहा नंबरच्या सुया पडून आहेत, त्या पहिल्या टपालाने पाठव. माझ्या सुया सूनबाईने घेतल्यात, ती काही परत देत नाही, आणि बांबूच्या माझ्या हाताला बसत नाहीत. चार दिवस नुसती बसून आहे. आज हे मला म्हणाले, अगं, अशी रिकामी काय बसतेस, एखादा छंद लावून घे.