पडद्यावर न दिसलेले शब्द

३ मार्च, सोमवार
आज प्रयोगाला अकरा जण झाले. शंभर पुरे केल्याशिवाय हटणार नाही!

पडद्यावर शब्द चमकतो, डोळ्याला कळायच्या आत जातो. निम्म्यांना ‘कपटी’, ‘दुष्ट’. निम्म्यांना ‘प्रेमळ’, ‘दिलदार’. मग एका अनोळखी माणसाची हकिकत सगळ्यांना वाचायला द्यायची – तीच, शब्दाचाही फरक नाही. माणूस कसा वाटला? दहापैकी गुण द्या. कोणाला कुठले शब्द, ते माझ्या वहीत.

“शब्द दिसला का?” “छे, कुठला शब्द?” – सगळ्यांचं हेच!

मॅडम म्हणाल्या, “प्रबंधाला आकडे लागतात, तुझा उत्साह नाही.” बघाच आता.

५ मार्च
धाकटीने तिच्या ‘त्या’ला घरी आणलं. किल्ल्या बनवतो म्हणे. बोलताना टेबलाखाली पाय हलवत होता. मला मुळीच पटला नाही. पण ब्रही काढला नाही! निमूट चहा ओतला.

६ मार्च
आईचा नकार. “काहीतरी खटकलं गं.” काय, ते सांगता येईना.

धाकटी माझ्यावरच उखडली – “ताई, तूच आईचे कान भरलेस!” मी? चकार शब्द बोलले नाही. उगाच साप साप म्हणून भुई धोपटायची! रात्रभर रडली मात्र. वाईट वाटलं.

१४ मार्च
शंभर!! ‘दुष्ट’वाल्यांची सरासरी चार, ‘प्रेमळ’वाल्यांची सात. मॅडमनी पाठ थोपटली.

धाकटी मैत्रिणीकडे राहायला गेली. आईशी बोलत नाही, माझ्याशी तर नाहीच.

१७ मार्च
प्रबंधात घालण्याआधी एकदा तपासावं म्हणून मोबाईलवर पडद्याचं संथ चित्रण केलं. शब्दच नाहीत! नुसता कोरा पडदा. शब्दांची यादी मशीनला जोडायचीच राहिली – पहिल्या दिवसापासून. चूक माझी.

मग चार आणि सात आले कुठून?

दारात मीच उभी असायचे. वहीत बघायचे कोण कुठल्या गटातला, आणि मग म्हणायचे, “या, बसा.” सगळ्यांना एकाच सुरात?

मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “वही दुसऱ्या कोणाकडे दे. पहिल्यापासून कर.” करणार! पुन्हा शंभर.

१८ मार्च
सकाळी आईला विचारलं, “त्याचं नक्की काय खटकलं होतं गं?”

“कोण जाणे. मी त्याच्याकडे बघितलंच कुठे? तू चहा ओतत होतीस ना, मी तुझ्याच तोंडाकडे बघत होते.”

धाकटीला फोन लावतेय.